रद्द केलेल्या उड्डाणाचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीचं सोलो, म्हणजे विमान एकटीने उडवणं, झालं, आता क्रॉस-कंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला लांबची उड्डाणं, सुरू होणार, हे वाचून फार आनंद झाला. विमान जुनं आहे, धोका किती, असं तू विचारलं आहेस. विमान बघायला मेकॅनिक आहेत, ठरावीक तासांनी तपासणीही होते. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात आणि त्यातले 100 तास विमानाची पूर्ण जबाबदारी तिची एकटीची. पन्नास-साठ तासांत हात बसतो. लँडिंग मऊ होतं, रेडिओवरची भाषा तोंडात रुळते आणि आता आपल्याला सगळं जमतं असं वाटू लागतं. ‘आज नको’ म्हणायची समज मात्र त्या मानाने उशिरा येते.

सगळ्यात जास्त धास्ती मला खालून उडण्याची वाटते. मैत्रिणीचं गाव वाटेत लागतं, एक चक्कर मारावीशी वाटते. सेसना 172, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) न लावता सरळ उडत असेल तर साधारण 48 नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) स्टॉल होतं, म्हणजे पंख विमान पेलेनासे होतात. तेच 60 अंश कलून, उंची न सोडता वळलं तर 68 नॉटलाच स्टॉल, कारण त्या वळणात पंखांवर दुप्पट भार येतो. खाली गच्चीवर कुणी हात हलवत असतं, नजर तिकडे, घर खिडकीतून निसटू नये म्हणून योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, नकळत मागे ओढला जातो आणि वेगाच्या काट्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. एक पंख अचानक खाली जातो आणि विमान गिरक्या घेत कोसळू लागतं, तोच स्पिन. एका गिरकीच्या स्पिनमधून सावरायलाही हजारेक फूट खर्ची पडतात, आणि विमान असतं जेमतेम तीनशे फुटांवर. 500 फुटांच्या खाली उडायचं नाही, वस्तीवर तर त्याहून वर राहायचं, हे नियम त्यासाठी आहेत. तिला तुमच्या घरावरून चक्कर मारायला कधी गंमतीनेसुद्धा सांगू नकोस.

दुसरी गोष्ट ढग. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात 20 वैमानिकांची चाचणी घेतली होती. नुसत्या उपकरणांवर उडवायचं शिक्षण त्यांना नव्हतं. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. क्षितिज दिसेनासं झालं की कानाच्या आतला तोल फसवतो. विमान कलतं आणि अंग म्हणतं, आपण सरळच आहोत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात. त्यांच्या खालून वाट काढत पुढे जाणं म्हणजे एकेक मैल परतीची वाट बंद करत जाणं. परत फिरायला लागतो एक मिनिट: सेकंदाला 3 अंशांचं सावकाश वळण, 60 सेकंदांत तोंड उलट दिशेला. फक्त ते वळण मागचं आकाश मोकळं असताना घ्यायचं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर 16 जुलै 1999 च्या रात्री विमान चालवताना असेच गेले. सुमारे 310 तासांचा अनुभव, समुद्रावर धुरकट हवा, क्षितिज नाही. सोबत येऊ का, असं एका इन्स्ट्रक्टरने त्यांना विचारलं होतं. एकट्यानेच करायचंय, असं त्यांचं उत्तर. विमानात पत्नी आणि मेहुणी होत्या.

इंधनाचं सांगतो, कारण इथे चूक होते ती निव्वळ कंटाळ्याने. इंधनाच्या काट्यावर विसंबायचं नाही. पंखाशी चढून टाकीचं झाकण काढायचं, डिपस्टिक, म्हणजे खुणांची मापपट्टी, बुडवायची, ओली खूण वाचायची. मग टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढायचं. एव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. पाणी जड, ते तळाशी वेगळं बसतं. पण नळीभर पाणीच आलं तर मधली रेषा दिसणारच नाही. म्हणून नळी पांढऱ्या कागदापुढे धरून निळा रंग आहे ना, ते बघायचं. दिवसाची तिसरी फेरी, मागे रांग, आधीच्या मुलाने सकाळी बघितलंय, अशा वेळी हेच काम गाळलं जातं.

उन्हाळ्याचंही तसंच. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, पण 43 अंशांत तिथली हवा साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. टाक्या भरलेल्या आणि दोन धिप्पाड माणसं असली तर धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. हिवाळ्यातला अंदाज मेमध्ये चालत नाही.

आता तुझ्याबद्दल. तासाला किती पैसे पडतात मला माहीत आहे, कर्ज काढलंयस तेही. पण रोज फोनवर ‘आज किती तास झाले?’ विचारतोस, त्याचा दाब तिच्यावर येतो. वारा आडवा आहे, झोप झालेली नाही, सर्दीने कान दुखतोय, तरी ती विमानात बसेल, कारण बाबा विचारणार. एखाद्या संध्याकाळी ती म्हणाली, ‘अर्ध्या वाटेतून परत आले’, तर पैशांचा विषय काढू नकोस. ढग किती उंचीवर होते ते विचार. कुठल्या गावापाशी वळलीस, तेव्हा टाकीत किती लिटर होतं, तेही विचार, आणि ती सांगेल ते नीट ऐकून घे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र