सेलमच्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितो आहे. मनातले आभार मला याच भाषेत नीट मांडता येतात. सूनबाई त्याचे इंग्रजी करून तुमच्याकडे पाठवणार आहेत. तुम्ही अनेक वर्षे शाळेत शिकवत होतात हे कळल्यापासून मी आणि माझी पत्नी तुम्हांला आपसांत ‘बाई’ म्हणू लागलो, कारण आमच्याकडे शिक्षिकेला असेच म्हणतात. तुमचे नाव मात्र येथे लिहीत नाही, त्याची परवानगी मी मागितलेली नाही. मुलांकडे अमेरिकेत बॉस्टनला येणारी आमच्यासारखी पुष्कळ मराठी माणसे अर्ध्या तासाच्या रेल्वेप्रवासाने सेलमला येतात आणि चेटकिणींची दुकाने पाहून परततात. त्यांच्याही वाचनात यावे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

त्या सकाळी आम्ही पैसे भरून ठरवलेली गटाची फेरी ऐनवेळी रद्द झाली होती आणि परतीच्या गाडीला पाच तास अवकाश होता. तुम्ही स्वतःहून चौकशी केलीत, सोबत यायला तयार झालात आणि निघण्यापूर्वी आम्हांला विचारलेत, “तुमच्या घरी काय काम चालत असे?” प्रवासात आजवर मला कोणत्याही मार्गदर्शकाने हा प्रश्न विचारलेला नव्हता. माझे वडील पुण्यात छापखान्यात जुळारी होते, चाळीस वर्षे त्यांनी शिशाचे मराठी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, हाताने जुळवले, असे मी सांगितले. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “मग आपण आज थोडे वेगळ्या वाटेने जाऊ.” माझे सारे आभार या एका वाक्यासाठी आहेत.

1692 साली येथे चेटकाच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांविषयी तुम्ही थोडेच बोललात, पण स्मशानभूमीच्या शेजारच्या स्मारकात आम्हांला बराच वेळ उभे राहू दिलेत. फाशी दिलेली एकोणीस माणसे आणि दगडांखाली चिरडून मारलेले वृद्ध जाइल्स कोरी अशा वीस जणांची नावे तेथे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी बाकांवर कोरली आहेत. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्यांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितलेले शब्द आहेत आणि ते भिंतीपाशी मध्येच तुटतात. “यांचे बोलणे कोणी पुरे ऐकून घेतले नाही, म्हणून ते असे कोरले,” एवढेच तुम्ही म्हणालात. शेजारच्या दुकानांतून टोकदार काळ्या टोप्या विकल्या जात होत्या. त्यांच्याकडे तुम्ही पाहिलेही नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

डर्बी धक्क्यावर आलो आणि तुमचा चेहरा खुलला. जवळजवळ अर्धा मैल समुद्रात गेलेला तो धक्का, टोकाला 1871 सालचे छोटे दीपगृह, मागे सोनेरी गरुड मिरवणारे 1819 सालचे जकातघर. अशा पन्नासेक धक्क्यांवर एके काळी येथे गलबते लागत, हे आजच्या शांत पाण्याकडे पाहून खरे वाटत नाही. तुम्ही पिशवीतून एक काचेची कुपी काढून माझ्या पत्नीच्या तळहातावर चार काळे दाणे ठेवलेत. तिने ते चुरडून वास घेतला आणि मालवणच्या आपल्या माहेरच्या परसातील मिरवेलीची आठवण सांगितली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कप्तान जोनाथन कार्न्स यांनी सुमात्राहून ‘राजा’ नावाच्या गलबतातून आणलेल्या मिऱ्यांनी या गावाचे नशीब कसे उघडले, ते तुम्ही त्या चार दाण्यांवरून समजावलेत. 1807 सालची व्यापारबंदी, 1812 चे ब्रिटनशी झालेले युद्ध आणि मोठ्या जहाजांना न पुरणारा उथळ बंदरतळ यांनी ते वैभव कसे ओसरले, तेही सांगितलेत. येथला सुका मासा कॅरिबियन बेटांतल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या पोटी जात असे, हेही तुम्ही लपवले नाहीत. आपल्या गावावर इतके प्रेम असलेल्या माणसाने त्याचे हे देणेही बोलून दाखवावे, याचा मला फार आदर वाटतो.

आफ्रिकेच्या टोकाचे केप ऑफ गुड होप किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न यांना वळसा घातलेल्या कप्तानांनी आणि व्यापाऱ्यांच्या गलबतावरील प्रतिनिधींनी 1799 साली काढलेल्या संस्थेची कथा तुम्ही पुढे चालता चालता सांगितलीत. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया हे अमेरिकी गलबतांचे अडत्ये होते आणि त्यांचे चित्र आजही तुमच्या गावाच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे, हे मुंबईला शंभर वेळा गेलेल्या मला सेलमला येऊन समजले.

मग तुम्ही आम्हांला वॉशिंग्टन स्ट्रीटवरील टॅबरनॅकल चर्चसमोर आणलेत. आजची इमारत त्या काळची नव्हे, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलेत. 6 फेब्रुवारी 1812 रोजी याच मंडळीच्या जुन्या इमारतीत पाच तरुणांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी दीक्षा देण्यात आली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांपैकी दोघे, आपापल्या पत्नींसह, सेलमच्या धक्क्यावरून ‘कॅरव्हान’ गलबताने निघाले. बाकीचे फिलाडेल्फियाहून गेले. त्या दोघांपैकी सॅम्युअल न्यूवेल यांची पत्नी हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसला वारली, अवघ्या 19 वर्षांची. न्यूवेल पुढे मुंबईला पोहोचले आणि 1821 साली तेथेच पटकीने गेले. फिलाडेल्फियाहून गेलेल्यांपैकी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि 1826 साली नाशिकहून परतताना पटकीनेच वाटेत मरण पावले.

या माणसांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो माझा मार्ग नाही, आणि हे मी तुम्हांला तेथेच सांगितले. पण त्यांच्या अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी छापखाना उभारला. त्याच मिशनने 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. मुंबईच्या त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी खिळे घडवले आणि त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे खिळे म्हटले की माझे वडील हातातले काम थांबवून बोलत. जावजींचे नाव मला त्यांच्याकडून ठाऊक होते, पण ही वाट मागे मागे जात सेलमच्या बर्फाळ फेब्रुवारीपर्यंत पोहोचते, हे त्यांना कधी कळले नाही. तेथे उभा असताना माझा कंठ दाटून आला होता. तुम्ही काही न बोलता माझ्या पत्नीला पायरीवर बसवलेत आणि स्वतःही तिच्याशेजारी टेकलात.

नंतर तुम्ही वही पुढे केलीत आणि वडिलांचे नाव आमच्या लिपीत लिहून मागितलेत. मात्रेचा आणि उकाराचा खिळा वेगळा असतो, जोडाक्षरासाठी अर्धे अक्षर निराळे शोधावे लागते, म्हणून मराठी जुळाऱ्याच्या पुढ्यात इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक खण असत, हे मी बोटांनी हवेत आखून दाखवत होतो. तुम्ही प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने बाण काढून ते टिपून घेत होतात. साठ वर्षांत वडिलांच्या कामाविषयी इतक्या आस्थेने मला कोणी विचारले नव्हते. घरच्यांनीही नाही आणि खरे तर मीही त्यांना नाही.

पत्नीच्या गुडघ्यांसाठी तुम्ही चाल मंद ठेवलीत, दीपगृहापर्यंत जाण्याचा आग्रह धरला नाहीत आणि ठरल्यापेक्षा दीड तास अधिक देऊनही अधिक पैसे घेतले नाहीत. त्यासाठी आम्ही दोघे तुमचे ऋणी आहोत.

वडिलांच्या पेटीत उरलेल्या खिळ्यांपैकी चार या पत्रासोबत पाठवत आहे: एक मात्रा, आणि स, ल, म ही तीन अक्षरे. मात्रा ‘स’वर चढवली की तुमच्या गावाचे नाव जुळते. अक्षरे उलटी दिसतील, तेव्हा आरशापुढे धरून पाहावीत. शिसे आहे, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत. वडील आम्हांला दर वेळी हे बजावत असत.

आपला कृतज्ञ,
पुण्याच्या जुळाऱ्याचा मुलगा