क्रमांक न विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मागच्या महिन्यात पुण्याच्या तापकीर गल्लीतील आपल्या दुकानात, कापडी पिशवीत जुना ऑडिओ ऑसिलेटर (प्रयोगांसाठी हव्या त्या फ्रीक्वेन्सीची विद्युत लहर तयार करणारे यंत्र) घेऊन आलेला घामाघूम प्रयोगशाळा सहायक कदाचित आपल्या लक्षातही नसेल. मला मात्र ती दुपार अजून विसरता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी पाच ठिकाणी फिरलो होतो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असे, ‘नंबर सांगा.’ मी त्यातल्या बिघडलेल्या थर्मिस्टरचा, म्हणजे तापला की रेझिस्टन्स घटणाऱ्या काचेच्या नळीतील भागाचा, ‘आर-५३’ हा नंबर सांगायचो, समोरून ‘बंद झाला’ असे उत्तर यायचे आणि नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एका सेवा केंद्राने तर यंत्र तीन आठवडे ठेवून घेतले आणि त्यात बाजारात सहज मिळणारा ४.७ किलोओहमचा चकतीसारखा थर्मिस्टर बसवला. जमावे म्हणून शेजारचा रेझिस्टरही बदलला आणि पूर्ण बिल लावले. परिणाम असा की सकाळी गारव्यात साइन वेव्हचे डोके सपाट कापलेले दिसे आणि दुपारी खोली तापली की लहरच बंद पडे. तक्रार केली तेव्हा ‘एवढे जुने डबडे भंगारात द्या’ असा सल्ला मिळाला, तोही बिलाचे पैसे घेतल्यानंतर.

आपण यांपैकी काहीच विचारले नाही. आपण काउंटरखालून लाकडी स्टूल काढून माझ्यापुढे सरकवले आणि ‘बसा’ म्हणालात. त्या गल्लीत गिऱ्हाइकाला उभे राहायलाही जागा मिळत नाही, आणि मी काही विकत घेणार की नाही हे तर ठरायचेच होते. मी बसल्यावर आपण विचारले, ‘हा तिथे काम काय करत होता?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला, आणि खरे सांगायचे तर त्याचे नीट उत्तर मलाही देता आले नाही. बावीस वर्षे प्रयोगशाळेत काढूनही मी त्या काचेच्या नळीकडे केवळ एक सुटा भाग म्हणून पाहत आलो होतो.

ते उत्तर आपणच पेन्सिलीने कागदावर काढून दाखवले. वीन ब्रिज, म्हणजे या यंत्रातले लहर तयार करणारे सर्किट, चालू राहण्यासाठी अँप्लिफायरचा गेन (लहर किती पट मोठी होते तो आकडा) बरोबर ३ लागतो. तो जरा वर गेला की लहर कापली जाते, जरा खाली आला की विझते. ‘आर-५३’चा मणी निर्वात काचेत टांगलेला असल्यामुळे खोलीच्या हवेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नसे, काही मिलिवॉटमध्येच तो स्वतः तापायचा आणि रेझिस्टन्स घटवून गेन आवरून धरायचा. चकतीला तेवढ्याने ऊब येत नाही, ती खोलीचेच तापमान मोजत बसते. हे पटावे म्हणून आपण ती चकती माझ्या बोटांत धरायला लावली आणि मल्टीमीटरवरचा आकडा घसरताना दाखवलात. तीन आठवड्यांचे कोडे अर्ध्या मिनिटात सुटले.

मग आपण खोक्यातून टेलिफोनच्या जुन्या बोर्डावरचा २४ व्होल्टचा इवलासा दिवा काढला. तार तापली की दिव्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे थर्मिस्टरच्या नेमके उलट. म्हणून तो थर्मिस्टरच्या जागी न लावता फीडबॅकच्या (आउटपुटचा काही भाग परत आत नेणाऱ्या जोडणीच्या) दुसऱ्या भुजेत, ग्राउंडच्या बाजूला लावायचा आणि मूळ जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा रेझिस्टर, ठेवून दिव्याच्या दुप्पट रेझिस्टन्स जुळवायचा. १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेट यांनी स्टॅनफर्डमधील आपल्या प्रबंधात असाच दिवा वापरला होता, हे मी नंतर वाचले आणि हसू आले. नवा भाग मिळेना म्हणून आपण मला त्याच्याही आधीच्या उपायाकडे नेले होते.

उणी बाजूही आपण लपवली नाही. फ्रीक्वेन्सी बदलताना लहर क्षणभर हेलकावे खाईल आणि अगदी खालच्या फ्रीक्वेन्सीला आकार थोडा बिघडेल, हे आधीच सांगितलेत. दिव्याला करंट जास्त लागत असल्याने आउटपुट ट्रान्झिस्टर तापेल का, ही शंका आपल्याला शेवटपर्यंत होती. दोनदा बोट लावून पाहिलेत. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, असे मी समजत आलो होतो. आपण फारसे गोड बोललात असे म्हणता येणार नाही, एकदा तर माझ्या सोल्डरिंगवर चांगलेच रागावलात.

या आठवड्यात मुलांनी त्याच यंत्रावर एलसीआर (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या सर्किटच्या) अनुनादाचा प्रयोग केला आणि आलेख स्वच्छ आला. आपला पेन्सिलीचा कागद मी झाकणाच्या आतून चिकटवला आहे. आउटपुट ट्रान्झिस्टरला रोज संध्याकाळी यंत्र बंद करण्यापूर्वी बोट लावून पाहतो. अजून तो जेमतेम कोमट असतो.

आपला ऋणी,
एका तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक