रविवारी हातोडी चालत नाही

फ्रायबर्ग, जर्मनी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ऑफिस, जेवण, थंडी हे सगळं फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. आई, सर्दी गेली. खरंच गेली.

अण्णा, परवा तुम्ही विचारलंत, "एवढा पगार घेऊन दुसऱ्याच्या सायकलचा सांगाडा कशाला आणलास?" मला नीट सांगता आलं नाही आणि तुम्ही फोन आईकडे दिलात. तेव्हापासून मनात आहे. तो सांगाडा भंगारातला नाही. क्रोमोली पोलादाचा आहे, डोंगरात चालवायचा, आणि कुठेही तडा नाही. प्रत्येक सांध्यावर बॅटरी मारून बघितलंय. आधीच्या मालकाने वरून पावडर कोटिंग करून घेतलं, तेवढीच खोट. क्रँकचा आस ज्या नळीत बसतो तिचे आटे रंगाने बुजले. बेअरिंगचा नवा कप एक फेराही सरळ चढेना. लांब पाना लावून जोर केला असता तर चढलाही असता, पण तिरका. कुपवाडच्या शेडमध्ये तुम्ही पोरांना ओरडायचात, "बेअरिंगला शिव्या देऊ नका, आधी घर बघा." ते आठवलं आणि हात थांबवला.

इथे थोडे पैसे दिले की हत्यारं वापरू देतात अशी एक कार्यशाळा आहे. तिथले आटे पाडायचे टॅप तुम्ही बघायला हवे होते. दोन टॅप एकाच दांड्यावर, समोरासमोर, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आटे एका रेषेत राहतात. डावीकडचे सुलटे, उजवीकडचे उलटे. सुलटे असते तर पॅडल मारता मारता उजवा कप आपोआप सैल झाला असता. तेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली नाही. आधी हिरव्या रंगाचा भुगा आला, मग स्वच्छ पोलाद दिसलं. त्याच दांड्यावर कटर लावून नळीच्या तोंडांचं फेसिंग केलं, म्हणजे ती सपाट करून घेतली. एका बाजूचा रंग गोल निघाला, दुसऱ्या बाजूचा अर्ध्यावरच, म्हणजे ते तोंड मुळातच तिरकं होतं. पूर्ण कडं चमकलं तिथे थांबलो. ७३ मिलिमीटरची नळी ७२.८ वर आली, तेवढं चालतं. मागचा डिस्क ब्रेक ज्या दोन कानांवर बसतो, तेही घासून घेतले. तिथे रंगाचा नुसता थर राहिला तरी ब्रेक वाकडा बसतो आणि चकतीला घासत राहतो.

नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवून सांगाडा उलटा टांगलाय. वाळलं की त्याची साय धरते आणि पोलाद गंजत नाही. आई, तू दिलेली जवसाची चटणी मार्चमध्येच संपली होती. परवा या तेलाचा डबा उघडल्यावर खोलीभर तोच वास सुटला, मी बराच वेळ तिथेच बसलो.

आता हँडलखालच्या नळीतले जुने कप तेवढे राहिलेत. ते कपापेक्षा केसभर लहान भोकात दाबून बसवलेले असतात, म्हणून आतून दांडा घालून ठोकूनच काढावे लागतात. आणि आज रविवार. रविवारी इथे ठोकत नाहीत. आई, तुला हे पटणार नाही, म्हणून नीट सांगतो. भिंतीत खिळा मारायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो! दुकानं बंद. शनिवारी दूध आणायचं राहिलं तर स्टेशनवरचं दुकान गाठायचं. आणि ही नुसती रीत नाही. १९१९च्या राज्यघटनेतल्या कलम १३९ ने रविवारला संरक्षण दिलं, आणि आजच्या घटनेच्या कलम १४० ने ते तसंच पुढे चालू ठेवलंय. पहिल्या वर्षी मी रविवारी कपाट जोडायला घेतलं, तर खालच्या आजी वर आल्या. रागावल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि गेल्या. आता मलाही ही शांतता आवडते. पण दुपारी बारा वाजता कुठूनच कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा घर फार आठवतं.

डोंगरात पडशील म्हणून काळजी करता. अहो, या राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायलाच बंदी आहे, खास आखून दिलेल्या वाटा सोडून. आम्ही जातो तो रॉसकोफ डोंगर ७३७ मीटरचा आहे. एकटा कधी जात नाही, हेल्मेट असतं, विमा आहे. गेल्या वर्षी मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. सांगितलं नाही ते तुम्ही घाबराल म्हणून.

लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख शुक्रवारी पाठवलेत, खात्यावर बघा. सायकलचे मी २०० युरो सांगितले, ते फक्त सांगाड्याचे. सगळं सामान धरून ७०० होतात, म्हणजे सत्तर हजारांच्या वर. अण्णा, धाकटीच्या लग्नाच्या पैशांना हात लावलेला नाही.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा एकदाच मिळते, ती लग्नासाठी ठेवलीय, डिसेंबरचं तिकीटही काढलंय. हे तिला अजून मी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, मीच फोन करतो. मामांना म्हणावं, माझ्या जागी उभे राहा.

मिरजेच्या स्थळाचा फोटो पाहिला. आई, मी टाळत नाहीये. त्या मुलीशी एकदा बोलू द्या, मग हो की नाही ते सांगतो.

आणि अण्णा, तुमचा आटे मोजायचा गेज शेडमधून कुणी नेला नाही. निघताना मीच न विचारता बॅगेत टाकला. तुम्ही पोरांवर संशय घेत होतात तेव्हाही मी गप्प राहिलो. या नळीत त्याचं २४चं, म्हणजे इंचाला २४ आट्यांचं, पातं अगदी घट्ट बसलं. डिसेंबरात घेऊन येतो. पोरांना तेवढं सांगा.

तुमचा,
बाळ