बारा महिन्यांचा शब्द दिला होता, तो पाळा: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

साठेखत (मिळकत विकत घेण्याचा करार) करून, इसार (आगाऊ रक्कम) देऊन खरेदीखतासाठी कोर्टाची पायरी चढलेल्यांच्या वतीने हे पत्र आहे. ठरलेला करार प्रत्यक्ष पाळायला लावणारा कायदा, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963, 2018 मध्ये दुरुस्त झाला. कलम 10 मधला कोर्टाचा स्वेच्छाधिकार गेला. अपवादाची कलमे आड येत नसतील, तर कराराची पूर्तता करून द्यायचीच, असे ठरले. नव्या कलम 20-सी ने मुदतही घातली: समन्स बजावल्यापासून 12 महिने, लेखी कारण नोंदवून फार तर आणखी 6. दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे आणि दावेदार अजून तारखा घेत आहेत.

नुकसानभरपाई घेऊन मोकळे व्हा, हा सल्ला आम्हाला नको. इसार व्याजासकट परत मिळाला, तरी वाढलेल्या भावात त्या पैशात तीच जमीन येत नाही. एका गटाचा रस्ता, विहीर, बांध दुसऱ्या गटाला नसतो. 1963 च्या मूळ कायद्यानेही स्थावर मिळकतीच्या बाबतीत पैसा पुरेसा नाही, असेच गृहीत धरले होते.

आमच्याकडून मात्र कायदा सगळे वेळेत मागतो. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावा. कोर्ट फी पूर्ण मोबदल्यावर भरा. कब्जा हवा असेल, किंवा पर्यायी म्हणून इसार परत हवा असेल, तर कलम 22 प्रमाणे तसे दाव्यात मागा. मागितले नाही तर मिळत नाही. लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. ती राहिली आणि मधल्या काळात मिळकत तिसऱ्याला विकली गेली, तर तो ‘मला माहीत नव्हते’ म्हणून उभा राहतो. साठेखत नोंदलेले नसले तरी या दाव्यात पुरावा म्हणून चालते, पण मुद्रांक कमी असेल तर दस्त अटकावून ठेवला जातो. कब्जा देणाऱ्या साठेखताला खरेदीखताइतका मुद्रांक लागतो, हे अनेकांना तेव्हाच कळते.

आणि कलम 16(सी). करारापासून निकालापर्यंत आपली तयारी आणि इच्छा कायम होती, हे वादीनेच सिद्ध करायचे. कोर्टाने सांगितल्याशिवाय पैसे भरावे लागत नाहीत, पण ऐपत दाखवावी लागते: पासबुक, ठेवपावत्या, बँकेचे कर्जमंजुरी पत्र. त्या पत्राची मुदत काही महिन्यांत संपते आणि दावा वर्षानुवर्षे चालतो. विलंब प्रतिवादी करतो आणि त्यात पुरावा आमचा झिजतो. हा अन्याय आहे, साहेब.

12 महिने मोजायला सुरुवात होते समन्स बजावल्यापासून, आणि गळती नेमकी तिथेच आहे. सातबाऱ्यावर सात नावे. बेलीफ एकदा जाऊन येतो, शेरा मारतो: ‘घराला कुलूप, इसम मिळून आला नाही.’ मग पर्यायी बजावणीचा अर्ज, त्यावर तारीख, मग दारावर चिकटवणे किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. तोवर सातांतला एखादा वारला तर 90 दिवसांत वारस लावा, आणि त्या वारसांना पुन्हा समन्स. कलम 20-सी चे घड्याळ तोवर सुरूच झालेले नसते.

निकाल आमच्या बाजूने लागून हुकूमनामा झाला तरी खरेदीखत हाती नसते. ठरल्या मुदतीत उरलेली रक्कम आम्ही भरली नाही, तर कलम 28 खाली करारच रद्द होऊ शकतो. विक्रेता सहीला आला नाही, तर आम्हालाच दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 34 प्रमाणे खरेदीखताचा मसुदा दाखल करा, त्याची प्रत विक्रेत्याला बजावा, हरकती ऐकल्या जाऊ द्या, मग कोर्ट त्याच्या वतीने सही करते. म्हणजे पुन्हा तोच बेलीफ आणि तेच कुलूप.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दरखास्त 6 महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितले. मार्च 2025 मध्ये याच न्यायालयापुढे 1986 साली लागलेला, असाच पूर्ततेचा दावा होता, अजून अंमलबजावणीत अडकलेला. त्यानंतर देशभरातून आकडे मागवले, तेव्हा 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती प्रलंबित निघाल्या. त्यातल्या 3 लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. आपल्या राज्यात, साहेब!

2018 च्या आधीच्या करारांना दुरुस्ती लागू होते का, हेही धड स्पष्ट उरलेले नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले, 2024 मध्ये तोच निकाल पुनर्विलोकनात मागे घेतला. या घोळाची किंमत पक्षकार मोजतो. कायदे होतात, माणसे दिली जात नाहीत. 10 लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले; आज मंजूर पदेच 21 च्या आसपास आहेत. मुद्रांक शुल्क आणि कोर्ट फी सरकार आधी घेते. मग बेलीफाचे पद रिकामे का राहते?

मागण्या आपल्या अखत्यारीतल्या आहेत. बेलीफांची रिक्त पदे भरा. दावा दाखल झाल्यापासून समन्स बजावणीला किती दिवस लागले, ते उच्च न्यायालयाच्या संमतीने जिल्हावार दर महिन्याला जाहीर करा. मुद्रांकासाठी अटकावलेला दस्त किती दिवसांत परत येईल, याची मुदत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांना घालून द्या. आणि कलम 20-सी ला दावा दाखल झालेल्या तारखेपासून मोजायची कमाल मर्यादा जोडावी, असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवा. प्रस्ताव पाठवलात की त्याचा जावक क्रमांक आम्हाला कळवा.

आपले,
साठेखतधारक वादी