आयर्विन पुलाचा तो फोटो

ग्रंथपाल ताई,
सादर नमस्कार.

वाचनालयात समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही “अहो दिवाणजी, त्यात काय!” म्हणून कपाट लावायला वळता. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्या शनिवारच्या वर्गाला मी आलो तो नाइलाजाने. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तीस वर्षं वह्या लिहिल्या, मग मालकांनी कॉम्प्युटर पुढ्यात ठेवला. मला वाटलं, बटणं शिकवाल. तुम्ही पहिल्याच दिवशी पडद्यावर एक फोटो लावलात: २०१९चा महापूर, आपला आयर्विन पूल. आम्ही सगळ्यांनी ओळखला. मी तर “त्या झाडामागे माझ्या मेव्हण्याचं घर” असंही सांगून टाकलं. मग फोटो मुळात कुठला ते शोधून देणाऱ्या गूगल लेन्सवर तुम्ही तोच फोटो टाकलात आणि निघाला भलत्याच राज्यातला. मेव्हण्याचं घर तिथे कसं पोहोचलं, हे वर्ग मला अजून विचारतो.

त्या दिवशी हसलो, पण घरी गेल्यावर झोप लागेना. २०१८मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज मीही चार ग्रुपवर ढकलला होता. काळजीपोटीच. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेवरून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. माझा मेसेज तिथवर गेला नसेलही. पण तो खरा आहे का, असं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात आम्हाला पोती पुरवणाऱ्या बारदानेवाल्याचा मेल आला: ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, ३ लाख ८४ हजार नव्या खात्यावर पाठवा, आजच. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, भाषाही त्याचीच. मालक म्हणाले, टाका. माझा हात थांबला तो तुमच्या एका वाक्यावर: “ज्या दारातून निरोप आला, त्याच दारात खात्री करायला जाऊ नका.” मेलच्या तळाशी फोन नंबर होता, तो सोडला. जुन्या बिलावरचा लावला. बारदानेवाला म्हणाला, “कसलं नवं खातं?”

मग मेल आला तो ईमेलचा पत्ता नीट पाहिला. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसले होते. चष्मा लावूनही दिसेना, अक्षरं मोठी केली तेव्हा दिसलं. पैसे गेले असते तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर लावायचा, हे पाठ होतं, तेही तुमच्यामुळेच. लावावा लागला नाही.

फोनवर यूपीआयने पैसे घ्यायला पिन लागत नाही, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडायची नाही, हे सगळं तुम्ही शिकवलंत आणि ते कामालाही आलं. पण मला खरा उपयोग झाला तो मालकांसमोर “थांबा, एक फोन करतो” म्हणायचं धाडस आलं त्याचा. अडतीवर दिवाणजीने असं म्हणायची पद्धत नाही, ताई.

येत्या शनिवारी बारदानेवाल्याला घेऊन येतोय. त्याच्या मेलचा पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असा आहे. मला कसा कळला? त्यानेच सांगितला, फोनवर, न विचारता.

आपला,
मागच्या बाकावरचा दिवाणजी