कॉइल काय केबल टायने बांधतात?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

विषय तसा बारीकसा आहे पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. माझ्याकडे 1989 ची पद्मिनी आहे, 1089 सीसी, दर 5 वर्षांनी पासिंग करून जपलेली (घरचे तिला भंगार म्हणतात, असो). तिची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) गेली. जुनी कॉइल गोल डब्यासारखी, आत तेल असतं ती, आणि नवी मिळाली ती चौकोनी ठोकळा, दोन बोल्टची भोकं असलेला. म्हणजे जुना गोल क्लॅम्प बाद. गॅरेजमधल्या पोराने काय करावं, दोन केबल टाय काढले आणि कॉइल सरळ वायरिंगला बांधून टाकली, वर म्हणतो, "काका, चालशे!" अरे चालशे काय, 12 व्होल्टचे वीस-वीस हजार करणारी वस्तू ती, बॉनेटखालच्या तापात ते प्लॅस्टिक टिकणार किती आणि सुटून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडली म्हणजे?

नवी कॉइल नीट बसवायला पत्र्याचं ब्रॅकेट करून घ्यावं म्हणून मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दोन-तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडे जाऊन आलो. एकच नग म्हटल्यावर कोणी मान वर करेना. त्यांचंही चुकत नाही म्हणा, एका नगासाठी सेटिंग कोण लावत बसणार.

मग घरीच बसलो. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत धरून पाहिला आणि 2 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, साधा लोखंडी) पत्रा आणला. पहिला तुकडा वाया, कारण दोन्ही बाजूंची बाहेरची मापं नुसती बेरीज करून कापली, वाकवल्यावर ब्रॅकेट 3-4 मिमी मोठं निघालं, वाकणात पत्र्याची जाडी वजा धरावी लागते हे तेव्हा कळलं. दुसऱ्यात भोक वाकणाला फार चिकटून पाडलं, ते वाकवताना लांबुळकं झालं. तिसरं जमलं! एक भोक मुद्दाम कानशीने लांबट केलंय, बोल्ट थोडा इकडेतिकडे सरकवता येतो, आणि वाकणाला जरा गोलाई ठेवलीय नाहीतर थरथरीने नेमकी तिथेच चीर जाते. वर रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) आणि थरथरीने ढिला न होणारा नायलॉक नट. अल्युमिनियम गंजत नाही, पण सततच्या थरथरीत लवकर तडकतं, म्हणून लोखंडच.

आता मागणं. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, हातातली विद्या शिकवायला, दादासाहेब फाळके सुद्धा तिथे शिकून गेले, त्याच गावात एक नग ब्रॅकेट करून मिळत नाही आणि करायला शिकायची जागाही नाही. तेच कलाभवन आज युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथलं किंवा आयटीआयचं वर्कशॉप महिन्यातून एक रविवार आमच्यासारख्यांना उघडून द्या ना, फी घ्या हवी तर, व्हाइस, ड्रिल आणि सांगणारा एक माणूस एवढंच पाहिजे. तुमच्या पेपरने हे जरा लावून धरावं.

माझी दोन फसलेली ब्रॅकेटं जपून ठेवलीत, पहिल्या रविवारी पोरांना दाखवायला घेऊन येतो.

आपला,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदा