फॉर्म भरला, पाठवला नाही

रविवार, 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "मग त्या बाईबद्दल सरकारला कळवलंस का?" आणि मी विषय बदलला. धाकटी शेजारी बसली होती आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं. फोनवर हे सांगायला गेलं की तुमच्या दोघांचाच वाद सुरू होतो आणि माझं म्हणणं राहून जातं. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तूही वाच, बाबांनी वाचून दाखवायची वाट बघू नकोस.

मुलांना शाळेत सोडताना रोज भेटते ती बाई, मागच्या रस्त्यावरची. तिच्या नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून त्याचं सगळं तीच करते आणि त्यासाठी तिला इथल्या ब्रिटिश सरकारकडून केअरर्स अलाउन्स मिळतो, आठवड्याला 83.30 पौंड. अट अशी की आठवड्यात किमान 35 तास त्या माणसाला सांभाळलेलं असलं पाहिजे. आई, आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुझे तास कुणी मोजले नाहीत. हिचे मात्र मी मोजायला बसले होते, हे आधी कबूल करते.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी रात्रपाळी करून परतताना ती मला एका ऑफिसच्या इमारतीतून बाहेर पडताना दिसली, अंगात सफाई कामगारांचं जॅकेट. पुढच्या शनिवारी पुन्हा. मी विचारलं तर म्हणाली, "थोडं काम करते, रोख मिळतात," आणि घाईने निघून गेली. त्याच महिन्यात तिच्या दारात नवी गाडी आली. शाळेच्या फाटकापाशी कुजबुज सुरू झाली: सरकारचे पैसे घेते, वर रोखीचं काम, वर नवी गाडी. मी त्या घोळक्यात होते. बोलले काही नाही, पण तिथून हललेही नाही.

आणि मला राग आला, बाबा. तुम्ही म्हणता तसा 'चोरी ती चोरी' हा राग त्यात थोडाच होता. सुरुवातीची कितीतरी वर्षं आमच्या व्हिसावर लिहिलेलं असायचं की सरकारी मदतीवर तुमचा हक्क नाही. कर भरायचा, व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरायचा, आणि धाकटीच्या वेळी माझं काम सुटलं तेव्हाही मागायचं काही नाही. ते महिने कसे काढले हे तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही, तुम्ही काळजी कराल म्हणून. तो सगळा साठलेला राग त्या बाईवर निघाला. एका रात्री मी सरकारी वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म उघडला.

तो भरायला वेळ लागत नाही. कुणाविरुद्ध, राहते कुठे, दिसते कशी, काम कुठे करते. आपलं नाव देणं सक्तीचं नाही. पुढे काय झालं ते आपल्याला कुणी कळवत नाही. मी सगळं भरलं, आणि पाठवायच्या क्षणी मला तुमच्यावरचा निनावी अर्ज आठवला.

बाबा, त्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. मी नववीत होते. तुम्ही प्रवासभत्त्याची खोटी बिलं लावता, असा कुणीतरी वर अर्ज केला होता. आठ महिने चौकशी चालली. काही निघालं नाही. तसा कागद आला त्या दिवशी तुम्ही तो कपाटात ठेवलात, जेवलात आणि लवकर झोपलात. पण ऑफिसातली माणसं त्यानंतर आपल्याकडे यायची थांबली, आणि अर्ज कुणी केला ते कधीच न कळल्यामुळे तुम्ही प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघू लागलात. निवृत्तीच्या समारंभालाही तुम्ही जेवायला थांबला नाहीत. म्हणून "कळवून टाक, काही नसेल तर सुटेल ती," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला धक्का बसला. तुम्ही सुटला होतात का?

फॉर्म तसाच ठेवून मी वहीत दोन रकाने पाडले. एकात मला नक्की माहीत असलेलं, दुसऱ्यात मी धरून चाललेलं. दुसरा रकाना लगेच भरला.

गाडीचं कोडं दुसऱ्याच दिवशी सुटलं. इथे अपंगत्वासाठी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट म्हणून पैसे मिळतात. ते देताना उत्पन्न बघत नाहीत, नोकरी करणाऱ्यालाही ते मिळू शकतात. ज्याला हिंडण्याफिरण्यासाठीचा वरचा दर मंजूर असतो, त्याला त्या पैशांच्या बदल्यात मोटॅबिलिटी नावाच्या योजनेतून गाडी भाड्याने घेता येते, बहुतेक तीन वर्षांसाठी, विमा आणि दुरुस्तीसकट. तिच्या नवऱ्याची गाडी तशीच आलेली. दारात कोरी गाडी उभी, पण मालकीची नाही. फाटकापाशी आम्ही पाच जणी होतो, एकीलाही हे ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नाही.

राहिलं शनिवारचं काम. केअरर्स अलाउन्स घेणाऱ्याने काम करूच नये, असा नियम नाही. कर वगैरे वजा जाऊन आठवड्याला 196 पौंडांपर्यंत कमावता येतं. ही मर्यादा या एप्रिलपासूनची, त्याआधी 151 होती. किमान वेतन सध्या तासाला 12.21 पौंड आहे, म्हणजे सोळा तासांचे 195.36. नुसत्या शनिवारी गेली तर ती मर्यादेच्या निम्म्यावरच राहते. पण मर्यादेच्या वर एक पौंड जरी गेला, तर त्या आठवड्याचा सगळाच भत्ता जातो. वर गेले तेवढेच कापले, असं होत नाही. यावरून गेल्या वर्षी इथे मोठा गदारोळ झाला. थोडे पौंड जास्त कमावलेल्या लोकांना काही वर्षांनी हजारो पौंड परत करा अशी पत्रं आली. पगाराची माहिती कर खात्याकडून सरकारला मिळत होती, तरी कित्येकांना वेळेवर कुणी सावध केलं नव्हतं. शेवटी सरकारला ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचा स्वतंत्र आढावा सुरू करावा लागला.

रोखीचं मात्र कर खात्यालाही दिसत नाही. तिथे बाबांचं बरोबर आहे, आणि ते मी टाळणार नाही. हे पैसे कुणाच्या तरी पगारातून जातात, माझ्याही जातात. आणि एक जण लपवतो तेव्हा पुढचा फॉर्म भरणाऱ्या खऱ्या गरजूकडे अधिकारी संशयाने बघतो. कळवणं म्हणजे चहाडी, हे आईचं म्हणणंही मला पटत नाही. एखाद्या आजारी माणसाच्या नावाने पैसे उचलून त्याला उपाशी ठेवणारं कुणी मला दिसलं, तर मी त्याच दिवशी कळवीन, माझ्या नावानिशी. पण माझ्या पहिल्या रकान्यात एवढंच होतं: दोन शनिवार, एक जॅकेट आणि तिचं एक वाक्य. तेवढ्यावर एका घराची चौकशी लावायची, आणि तीही नाव न सांगता?

म्हणून बुधवारी मी तिच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, "शनिवारचं काम तू कळवलं आहेस का?" ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, नाही. मार्चपासून करते. तेव्हा नणंद येऊन नवऱ्याजवळ बसते. कळवलं तर सगळं बंद होईल, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. मग तिने ड्रॉवरमधून एक लहान डायरी काढली. प्रत्येक दिवसाची तारीख आणि पैसे लिहिलेले. आम्ही दोघींनी बेरजा केल्या. एप्रिलनंतरचा एकही आठवडा मर्यादेबाहेर नाही. मार्चमधले दोन आहेत: शनिवारबरोबर रविवारीही गेली होती, आणि दोन्ही आठवडे 151 च्या वर. म्हणजे त्या दोन आठवड्यांचा भत्ता तिला परत करावा लागेल, तेव्हाच्या 81.90 च्या दराने 163.80 पौंड. वेळेवर कळवलं नाही म्हणून 50 पौंडांचा दंडही होऊ शकतो. लबाडी ठरली तर प्रकरण याहून कितीतरी वाढतं. तिच्या कामाचे पैसे रोखीने का देतात, त्याचं उत्तर तिला कामावर ठेवणाऱ्याने द्यायचं आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल, तू तिला सावध केलंस. हो, केलं. ती डायरी फाडू शकते, माझ्याशी बोलणंही बंद करू शकते. मी तिला हेही सांगितलं की तू स्वतः कळवलं नाहीस तर मी कायमची गप्प बसेन असं नाही, आणि कळवलं तर माझं नाव घालून कळवीन. हे बोलताना माझा आवाज कापत होता. ती रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आधी का नाही विचारलंस?" सप्टेंबरपासून आम्ही रोज सकाळी भेटतो, आई. माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

गुरुवारी तिची सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये वेळ ठरली आहे, तिथे मोफत सल्ला मिळतो. डायरी घेऊन जाईल आणि तिथूनच कळवेल, असं म्हणाली आहे. नणंदेला त्या दिवशी जमत नाही, म्हणून दोन तास तिच्या नवऱ्याजवळ मी बसणार आहे. त्याला पातळ काही गिळता येत नाही, ठसका लागतो. पाण्यात, चहात एक पावडर मिसळून ते दाट करावं लागतं. किती चमचे, किती वेळ ढवळायचं, आणि पाजताना त्याला किती सरळ बसवायचं, हे तिने डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ते पान मला फाडून दिलं आहे. काल मी घरी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा गुठळ्या झाल्या. आई, आजीला तू कसं पाजायचीस ते रविवारी फोनवर नीट सांग. नाही, बुधवारीच मी फोन करते.

बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि माझं चुकलं असं वाटलं तर तेही बुधवारी सांगा, मी ऐकीन.

तुमची लेक